चारपैकी एकच सिलिंडर तापतोय? सीएनजी गाडीचं निदान, पायरीपायरीने

गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवर आलेली, नंतर सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट बसवलेलं. चढावर पिकअप कमी, सिग्नलला थांबल्यावर हलकी थरथर, मधूनच चेक इंजिन लाइट. फिटर प्लग काढतो आणि सांगतो, "तीन नंबर लीन चाललाय, तापतोय." पुढे चारही प्लग नवे, मग चारही कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या), मग किटचं ट्युनिंग, आणि सात-आठ हजार खर्चून थरथर तशीच. खालचा क्रम हा खर्च वाचवण्यासाठी आहे. एकही भाग विकत घेण्याआधी दोन गोष्टी नक्की करायच्या: नेमका कुठला सिलिंडर, आणि कुठल्या इंधनावर. दुसरी गोष्ट कळायला एक पैसाही लागत नाही. डॅशबोर्डवरचा पेट्रोल-गॅसचा स्विच दाबायचा.

शब्दांचा घोळ आधीच मिटवू. या लेखात सिलिंडर म्हणजे इंजिनातला. डिकीतल्या सीएनजीच्या सिलिंडरला मी टाकी म्हणतो. लीन म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, रिच म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलच्या १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, सीएनजीला सुमारे १७. एका सिलिंडरला हवा जास्त मिळाली किंवा इंधन कमी पडलं, तर मिश्रण सावकाश जळतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच राहतं. ती धग व्हॉल्व्ह आणि सीट सोसतात. पेट्रोल निदान द्रवरूपात आत येतं आणि वाफ होताना थोडा थंडावा देतं. गॅस कोरडाच येतो, म्हणून हीच चूक गॅसवर जास्त महाग पडते.

काय काय जवळ हवं

- इन्फ्रारेड थर्मामीटर. स्वस्तातला बहुधा ३८० अंशांपर्यंतच मोजतो. आयडलिंगच्या तपासणीला तेवढा पुरतो.
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा. ब्लूटूथवर मोबाइलला जोडणारा साधा डोंगलही चालेल, फक्त त्यावर फ्युएल ट्रिम दिसली पाहिजे, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा.
- मल्टिमीटर
- कॉम्प्रेशन गेज, तुमच्या प्लगच्या आट्यांचा अडॅप्टर असलेला
- फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं), प्लग पाना, टॉर्क पाना
- साबणाचं पाणी आणि स्प्रे बाटली
- आग विझवण्याचा छोटा सिलिंडर, हाताशी. गाडीत कुठेतरी पडलेला नको.
- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, निदान प्लग गॅप, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची फट) आणि टॉर्कचे आकडे
- वही. चार रकाने, सिलिंडर १ ते ४. आकडे डोक्यात ठेवून हे काम होत नाही.

कागदांत आरसीवरची सीएनजीची नोंद आणि टाकीच्या हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा) दाखला बघून घ्या. ती टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते. मुदत संपलेली असेल तर आधी ते काम. गाडी कंपनीफिटेड सीएनजीची असून वॉरंटीत असेल, तर पायरी ३ पर्यंतच जा आणि वही घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा.

टाकीपासून रेड्यूसरपर्यंतच्या (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागापर्यंतच्या) लाइनमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. त्या नळीला, तिच्या नटांना, टाकीच्या व्हॉल्व्हच्या जोडांना घरी पाना लावायचा नाही. या लेखातलं सगळं काम रेड्यूसरच्या पुढचं, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचं आहे.

१. कुठल्या इंधनावर होतंय ते बघा

इंजिन पूर्ण गरम करा, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत. मग गॅसवर १० मिनिटं चालवा आणि थरथर, चढावरचा जोर, स्कॅनरवरची ट्रिम लिहून ठेवा. स्विच दाबून पेट्रोलवर या, पुन्हा १० मिनिटं, पुन्हा नोंद. दहा मिनिटं अशासाठी की मूळ ईसीयू गॅसवर शिकलेली दुरुस्ती काही काळ पेट्रोलवरही लावत राहतो. स्विच दाबल्यावर लगेच दिसलेल्या आकड्यावर विश्वास ठेवलात तर उलटा निष्कर्ष निघेल.

फक्त गॅसवर त्रास असेल, तर संशय गॅस इंजेक्टर, त्याची नळी, नोझल आणि वायरिंगवर. कमजोर कॉइल किंवा वाढलेली प्लग गॅपही इथेच येते, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर कशीबशी चालणारी कॉइल गॅसवर उघडी पडते.

फक्त पेट्रोलवर त्रास असेल, तर पेट्रोल इंजेक्टर. वर्षभर गॅसवरच पळणाऱ्या गाडीत ते कोरडे पडून चिकटतात. पाच-सात किलोमीटर रोज पेट्रोलवर चालवणाऱ्यांना हा त्रास क्वचितच होतो.

दोन्हींवर असेल, तर किट आणि पेट्रोल इंजेक्टर दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. हवेची गळती, प्लग, कॉम्प्रेशन, टॅपेट किंवा कूलिंग यांतलं काहीतरी आहे. एक अपवाद आहे, तो पायरी ५ मध्ये येतो.

२. स्कॅनर वाचा, पण त्याच्या मर्यादेसह

पी०३०१ ते पी०३०४ या कोडमधला शेवटचा आकडा मिसिंग करणाऱ्या, म्हणजे मधूनमधून न पेटणाऱ्या, सिलिंडरचा. पी०१७१ म्हणजे सगळं इंजिन लीन, असं ईसीयूचं मत. मत म्हणण्याचं कारण असं, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरांचा एकत्र धूर वास घेतल्यासारखा बघतो. एकट्या तीन नंबरला इंधन कमी पडलं तर तो चौघांनाही वाढवून देतो. तीन नंबर लीनच राहतो आणि बाकीचे तिघे विनाकारण रिच होतात.

याहून फसवा प्रकार मिसिंगचा. ठिणगी पडली नाही तर त्या सिलिंडरची हवा न वापरताच बाहेर जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि स्कॅनर लीन म्हणतो. इंधन मुळात बरोबर होतं, कॉइल मेलेली होती. म्हणून पी०१७१ च्या जोडीला पी०३०२ सारखा कोड असेल, तर आधी ठिणगीकडे बघा.

ट्रिमचा आकडा दोन ठिकाणी घ्या, आयडलिंगला आणि २५०० आरपीएमवर धरून. आयडलिंगला +१५, +२० आणि २५०० वर खाली येऊन +५ च्या आसपास, म्हणजे हवेची गळती. आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या पाइपांत) व्हॅक्यूम भरपूर आणि एकूण हवा थोडी, त्यामुळे छोटं भोकही मोठं दिसतं. उलट आयडलिंगला ठीक आणि जोर दिल्यावर ट्रिम चढते, म्हणजे इंधन कमी पडतंय: चोंदलेला इंजेक्टर, गॅस फिल्टर, दबलेली नळी.

३. तापमानाने सिलिंडर पकडा

बहुतेक आडव्या बसवलेल्या इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर १ नंबर असतो. मॅन्युअलमध्ये खात्री करा. चुकीच्या टोकापासून मोजणी सुरू झाली तर पुढची सगळी वही उलटी भरते.

इंजिन गार असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांवरचं) पत्र्याचं कव्हर काढा. प्रत्येक पाइपवर, हेडच्या फ्लँजपासून सारख्याच अंतरावर, साधारण ३ सेंटिमीटरवर, उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा नाण्याएवढा ठिपका द्या. हा ठिपका शोभेचा नाही. चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेड थर्मामीटर खूपच कमी तापमान दाखवतो, गंजलेल्या लोखंडावर बऱ्यापैकी खरं. एक पाइप गंजका आणि दुसरा चकचकीत असेल तर नुसत्या पृष्ठभागामुळेच एक सिलिंडर "गरम" निघतो.

लाल ठिपका दिसतो तेवढंच मोजलं जातं, असं नाही. थर्मामीटरवर १२:१ लिहिलं असेल तर १२ सेंटिमीटरवरून तो १ सेंटिमीटर व्यासाचा भाग मोजतो. हात लांब गेला की शेजारचा पाइपही त्यात येतो.

इंजिन सुरू करून पहिल्या मिनिटात एकदा, मग गरम झाल्यावर आयडलिंगला, मग १५०० आरपीएमवर ३ मिनिटं धरून. प्रत्येक वेळी १ ते ४ आणि परत ४ ते १ असं मोजा आणि सरासरी घ्या. चालत्या इंजिनाजवळ सैल बाही, ओढणी, गळ्यातला गमछा नको. पंखा कधीही सुरू होतो.

२०-३० अंशांचा फरक सोडून द्या. मधले दोन पाइप एकमेकांना तापवतात, कडेच्यांना वारा लागतो. तिन्ही फेऱ्यांत एकच सिलिंडर ५० अंशांहून जास्त वेगळा निघाला, तर तो तुमचा.

वेगळा म्हणजे गरमच असं नाही. थोडा लीन सिलिंडर जास्त तापतो. फारच लीन झाला की मिसिंग करतो आणि त्याचा पाइप गार पडतो. त्यामुळे आयडलिंगला गार आणि जोर दिल्यावर गरम असा एकच सिलिंडर सापडणं अगदी शक्य आहे. उशिरा पडणारी ठिणगी आणि नीट न बसणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेही पाइप तापवतात, मिश्रण बरोबर असलं तरी.

काही नव्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे मोजायला पाइपच नाहीत. सरळ पुढच्या पायरीवर जा.

४. एकेक सिलिंडर बंद करून बघा

१५०० आरपीएम धरा आणि एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून लगेच लावा. पेट्रोलवर पेट्रोल इंजेक्टरचा, गॅसवर गॅस इंजेक्टरचा. किती आरपीएम पडले ते लिहा. तिघांना १५० पडतात आणि एकाला ४०, म्हणजे तो आधीपासूनच अर्धमेला आहे. चौघांना सारखेच पडतात, पण एकाचा पाइप तापतो, तर तो काम करतोय, फक्त लीन आहे.

कॉइलचा कनेक्टर काढून ही तपासणी करायची सवय बऱ्याच गॅरेजांत आहे. करू नका. न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. कन्व्हर्टरची किंमत विचारून बघा, सवय आपोआप सुटेल.

५. हवेची गळती

इथे घाई करू नका. दोन्ही इंधनांवर एकच सिलिंडर लीन असण्याचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण हेच, आणि ते बहुधा किट बसवतानाच तयार झालेलं असतं.

किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डच्या चारही पाइपांना भोक पाडून गॅसचे नोझल आट्यांनी बसवतात. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर वर्षा-दोन वर्षांत थरथरीने आटे ढिले होतात. नोझल हाताने हलतो, भोवती काळपट तेलकट वर्तुळ दिसतं. तिथून हवा आत शिरते आणि तोच एक सिलिंडर गॅसवरही लीन, पेट्रोलवरही लीन. पायरी १ मध्ये किट बाजूला ठेवा म्हटलं होतं, त्याला हा अपवाद.

क्रमाने बघा: नोझलचे आटे, पेट्रोल इंजेक्टरची खालची ओ-रिंग, मॅनिफोल्ड आणि हेडमधलं गॅस्केट, मग एकाच पाइपला जोडलेल्या व्हॅक्यूम नळ्या. ब्रेक बूस्टरची नळी किंवा किटच्या मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) नळी ज्या पाइपला जोडलेली असते, तिची गळती त्याच सिलिंडरला जास्त लागते. रेड्यूसरची व्हॅक्यूम नळी विशेष बघा. ती काढून हुंगा. आत गॅसचा वास असेल तर रेड्यूसरचा डायफ्राम फाटलाय, आणि ती नळी जिथे जोडली आहे तो सिलिंडर लीन नाही, रिच होतोय. अशा वेळी स्वस्थ बसलेल्या सिलिंडरवर उगाच संशय जातो.

शोधण्यासाठी आयडलिंगला एकेका जोडावर स्प्रे बाटलीने साबणाचं पाणी मारा. गळती असेल तर पाणी आत ओढलं जातं, आवाज बदलतो, आरपीएम हलतात. कॉइलच्या खाचांत पाणी जाऊ देऊ नका. कार्ब क्लीनर मारून हीच तपासणी करतात, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वलनशील फवारा आणि वर गॅसची गाडी! जवळपास स्मोक मशीन असलेलं गॅरेज असेल तर थोडे पैसे देऊन तेच करून घ्या, केसाएवढी भेगही दिसते.

ढिला नोझल निघाला तर नुसता आवळू नका, प्लास्टिकचे आटे तिथेच जातात. काढून, आटे साफ करून, थ्रेड सीलंट लावून बसवा. आटेच गेले असतील तर मोठ्या आट्याचं बुश.

६. प्लग आणि कॉइल

चारही प्लग काढून कागदावर १ ते ४ ओळीने ठेवा. पेट्रोलच्या चित्रांवरून गॅसचे प्लग वाचू नका. सीएनजीवर सिरॅमिकचं नाक पांढुरकं-राखाडीच असतं, ते लीनचं लक्षण नव्हे. बघायचं ते चौघांमधला फरक: एकाच्याच नाकावर बारीक फोड किंवा चमकते मण्यांसारखे ठिपके, वरची पट्टी निळसर, इलेक्ट्रोडच्या कडा गोल झालेल्या.

काढताना एखादा प्लग हातानेच फिरला का, हेही लिहा. प्लगची उष्णता आटे आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते. ढिला प्लग स्वतःच तापतो आणि लीन सिलिंडरसारखाच दिसतो. उपाय फक्त टॉर्क पाना: अॅल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, बारीक प्लगला मॅन्युअलप्रमाणे बरंच कमी.

चारही प्लग एकाच नंबरचे आहेत ना? एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. एक प्लग बदलताना दुसऱ्या कंपनीचा "त्याच आकड्याचा" लावला गेला असेल, तर गाठ तिथेच आहे.

मग अदलाबदल. संशयित सिलिंडर ३ असेल तर त्याची कॉइल २ ला आणि २ ची ३ ला लावा. त्रास २ कडे गेला तर कॉइल. नाही गेला तर प्लगची अदलाबदल. दोन्ही एकदम नको, मग कशाने फरक पडला ते कळत नाही.

७. इंजेक्टर

गॅसच्या बाजूने. टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन चालू ठेवून गाडी आपोआप पेट्रोलवर येऊ द्या. रेलमधला (चारही इंजेक्टर बसवलेल्या पट्टीतला) गॅस संपला. इंजिन बंद करा. आता २ आणि ३ च्या इंजेक्टरांच्या नळ्या आपसात बदला आणि त्यांचे कनेक्टरही बदला. नुसती नळी बदललीत तर गॅस चुकीच्या वेळी येईल आणि नवाच गोंधळ उभा राहील. त्रास सरकला तर इंजेक्टर खराब: कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येतं आणि आतला प्लंजर चिकटतो. गॅस फिल्टर वेळेवर न बदललेल्या गाड्यांत हे हमखास. स्क्रूने स्ट्रोक (प्लंजर किती सरकतो ते) लावायच्या रेलमध्ये चौघांचा स्ट्रोक डायल गेजने सारखा करून घ्या, कानाने नाही. त्रास सरकला नाही तर नळी आणि नोझल बघा. रेलपासून नोझलपर्यंतच्या चारही नळ्या आखूड आणि सारख्या लांबीच्या हव्यात. एक नळी मॅनिफोल्डखाली दबून चपटी झालेली असणं नेहमीचंच. नोझलमधलं भोकही चौघांत सारखं हवं.

वायरिंगची एक जुनी चूक: पेट्रोलच्या २ नंबर इंजेक्टरची वायर किटच्या ३ नंबरला आणि ३ ची २ ला. गाडी चालते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गॅसवर असताना किटच्या सॉफ्टवेअरमधून एक-एक गॅस इंजेक्टर पेट्रोलवर टाकता येतो. तो टाकल्यावर त्याच सिलिंडरचा पेट्रोल इंजेक्टर टकटक करतो का, ते स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐका.

पेट्रोलच्या बाजूने. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलचा दाब उतरतो. इंजेक्टरच्या आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स चौघांचा मोजा. बहुतेक इंजेक्टरांत तो १२ ते १६ ओहम. गॅस इंजेक्टरांचा किटनुसार वेगळा आणि बराच कमी, तिथे आकड्यापेक्षा चौघांची तुलना महत्त्वाची. चारही इंजेक्टर बेंचवर लावून फवारा आणि भरलेली नळी बघा. एकाचं पेट्रोल बाकीच्यांपेक्षा ५ टक्क्यांहून कमी भरलं तर अल्ट्रासॉनिक साफसफाई. परत बसवताना ओ-रिंग नव्या.

८. कॉम्प्रेशन आणि टॅपेट

इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइल आणि पेट्रोल इंजेक्टरांचे कनेक्टर काढलेले, टाकीचा व्हॉल्व्ह बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. प्रत्येक सिलिंडरला ५-६ झटके. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत १७० ते २०० पीएसआय दिसतं. समुद्रसपाटीपेक्षा उंचावर हवा विरळ, त्यामुळे पुण्यात आकडे मुंबईपेक्षा थोडे कमी येतात. आकड्यापेक्षा फरक बघा: सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्त आकड्याच्या ८५ टक्क्यांखाली गेला तर पुढे तपासा. चहाचा चमचाभर इंजिन ऑइल त्या सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

सीएनजीवर बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच निघतो. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. गार इंजिनात फट थोडी उरते, गरम झाल्यावर संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. बसल्याशिवाय तो सीटला उष्णता देऊ शकत नाही, म्हणून जळतो. खूण अशी: गार इंजिनात कॉम्प्रेशन ठीक, गरम झाल्यावर त्याच सिलिंडरचं पडतं. हायड्रॉलिक नसलेल्या टॅपेटच्या इंजिनात रात्रभर गार झाल्यावर फिलर गेजने सगळ्या फटी मोजा. अमुक व्हॉल्व्हला पातळ पानही जात नाही असं आढळलं, तर फक्त फट सेट करून थांबू नका, महिन्याभराने पुन्हा मोजा. परत कमी झाली तर हेड लेथवाल्याकडे, सीएनजीला चालणाऱ्या कडक सीट बसवण्यासाठी. "टॅपेटचा आवाज बंद करून द्या" ही मागणी मात्र गॅसच्या गाडीत करू नये. हलकी टिकटिक म्हणजे फट शिल्लक आहे.

९. कूलिंग

वरचं सगळं ठीक असून पाण्याच्या पंपापासून लांबच्या टोकाचा सिलिंडर तापत असेल, तर रेडिएटरची टोपी, अर्थात गार इंजिनात, उघडून बघा. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या इंजिनात क्षार आणि गंजाचा गाळ टोकाच्या सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत बसतो. फ्लश करून डिस्टिल्ड पाण्यातलं कूलंट भरा आणि हवा काढा. पाण्यात सतत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

१०. दुरुस्तीनंतर

कोड पुसा. पेट्रोलवर २०-२५ किलोमीटर चालवून ट्रिम स्थिर होऊ द्या, मगच किट ट्यून करून घ्या. आधी ट्युनिंग केलंत तर तो माणूस बिघडलेल्या सिलिंडरला धरून चौघांचा इंधनाचा नकाशा लावतो. चांगल्या ट्युनिंगची ओळख: सारख्या आरपीएमला आणि सारख्या लोडला पेट्रोलवर आणि गॅसवर पेट्रोल इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ जवळपास तेवढाच, आणि ट्रिम ±१० च्या आत. मग त्याच काळ्या ठिपक्यांवर पुन्हा तीन फेऱ्या, त्याच वहीत, जुन्या आकड्यांखाली.

उघडलेल्या प्रत्येक गॅस नळीवर, टाकीचा व्हॉल्व्ह उघडून गॅसवर इंजिन चालू असताना, साबणाचं पाणी लावा. फेस फुगला तर व्हॉल्व्ह बंद, क्लिप पुन्हा. आणि कव्हरचे बोल्ट परत लावले का ते बघा. उरलेला एक बोल्ट बहुधा बॅटरीच्या ट्रेमध्ये पडलेला असतो.